बाळ अंगावर पितंय, मग लोहाचे थेंब कशाला?

या वेळचं पत्र निपाणीकडच्या एका खेड्यातनं आलंय, थोडं आटोपून देते.

"मावशी, नमस्कार. मी घरी विड्या वळते. माझी पहिलीच मुलगी, साडेपाच महिन्यांची. जन्मली तेव्हा २ किलो २०० ग्रॅम होती, आता ५ किलो ८०० भरली. फक्त अंगावर पिते. दीड महिन्याची असताना डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिलेले, थोडे दिवस दिले, मग तिची शी काळी व्हायला लागली. आत्याबाई म्हणाल्या उष्ण पडायलंय, दात काळे होतील, बंद कर. केलं बंद. आता आशाताई म्हणायल्यात सहा महिने झाले की लोहाच्या औषधाची बाटली देणार. माझं दूध भरपूर आहे, मग हे कशाला? माझ्या लाल गोळ्या मी रोज घेते, त्या दुधातनं तिला पोचत नाहीत का? नाहीतर त्यातलीच पाव गोळी चुरून देऊ का? मेडिकलची बाटली महाग पडते आणि तिच्यावरचं सगळं कन्नड नाहीतर इंग्रजी, मला दोन्ही वाचता येत नाही."

पोरी, आधी तुला घाईचं सांगते मग बाकीचं बोलू. गोळी चुरून देऊ नकोस. पाव नको, अर्धी नको, नखाएवढी पण नको. तुझ्या त्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, ते मोठ्या बाईच्या अंगाच्या हिशोबानं असतं, आणि चुरलेल्या गोळीतली कुठली पाव किती भरते हे मला पण सांगता येणार नाही आणि डॉक्टरला पण नाही. बाळाला लोह द्यायचं ते बाळाच्या औषधातनं, वजन बघून, मापून.

आता तुझा मुख्य प्रश्न. दूध भरपूर आहे मग हे कशाला. हा प्रश्न मला खूप जणी विचारतात आणि प्रत्येकीच्या बोलण्यात थोडं दुखावल्यासारखं असतं, म्हणजे माझं दूध कमी पडतंय असं डॉक्टरांना म्हणायचंय का, असं. तसं नाहीय गं. तुझ्या दुधात काही खोट नाही. साडेपाच महिने निव्वळ अंगावर पाजलंस हे लाख मोलाचं काम केलंस, आणि इथून पुढं ती दोन वर्षांची होईपर्यंत पाजत राहा. पण लोह ही गोष्ट आईच्या दुधातनं मिळायची अशी रचनाच नाहीय. एक लिटर दुधात जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं बाळाच्या अंगी बऱ्यापैकी लागतं, वरच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त, तरी सहा महिन्यांनंतरच्या बाळाच्या रक्तात रोज साधारण ०.७ मिलिग्रॅम लोह जायला हवं असतं आणि दुधातनं त्याच्या पाव भाग सुद्धा भरत नाही.

मग पहिले महिने बाळाचं कसं चालतं? तर बाळ पोटातनं येतानाच शिदोरी बांधून आणतं. बहुतेक लोह गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून बाळाकडं जातं, आणि जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात दर किलो वजनामागं साधारण ७५ मिलिग्रॅम असतं. तीन किलोचं बाळ असलं की सव्वादोनशे मिलिग्रॅम घेऊन आलं. तुझी लेक २ किलो २०० ग्रॅमची, म्हणजे तिच्याकडं १६५ च्या आसपास. आणि गंमत बघ, लहान जन्मलेली बाळं नंतर भराभर वाढतात, तुझी पण वाढली की, २२०० ची ५८०० झाली, ते तुझ्या दुधाचं यश आहे, पण अंग वाढलं की रक्त वाढावं लागतं आणि रक्त वाढायला लोह लागतं. पूर्ण वजनाच्या बाळाचं चार ते सहा महिने निभतं, अडीच किलोच्या आतल्या बाळाचं दोन-तीन महिन्यांतच संपायला येतं. म्हणून डॉक्टरांनी तुला दीड महिन्यालाच थेंब लिहून दिले. त्यांनी बरोबरच केलेलं.

तुझ्या लाल गोळ्या दुधातनं पोचतात का, तर नाही. तू दिवसाला एक घे नाहीतर दोन घे, दुधातलं लोह जवळपास तेवढंच राहतं. पण म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत हां! त्या तुझ्यासाठी आहेत. बाळंतपणात रक्त गेलं, आता दिवसभर मांडी घालून तंबाखूचं सूप पुढ्यात घेऊन काम, वर पोरीला पाजणं, तुझं रक्त भरून यायला नको? सरकारी नियमानं बाळंतपणानंतर १८० दिवस त्या गोळ्या घ्यायच्या असतात, तुझे थोडे दिवस राहिलेत, पूर्ण कर. चहाबरोबर घेऊ नकोस तेवढं, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू-पाण्याबरोबर घेतलीस तर चांगलंच.

आता आत्याबाई. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी शी काळी बघितली आणि घाबरल्या, नातीच्या काळजीनंच बोलल्या. त्यांना हे वाचून दाखव. आत्याबाई, नमस्कार करते. औषधातलं जेवढं लोह अंगी लागत नाही तेवढं शीतून बाहेर पडतं, आणि लोह शीतनं गेलं की शी काळी नाहीतर काळपट हिरवी दिसणारच. त्यात उष्ण पडल्याचं काही नाही, औषध पोटात गेल्याची ती खूण आहे. घाबरायचं कधी, तर शी डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली किंवा लाल रक्त दिसलं, किंवा औषध बंद असताना काळी झाली, तेव्हा मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना. आणि दातांचं म्हणाल तर साडेपाच महिन्यांच्या पोरीला अजून दातच नाहीत बहुतेक! आल्यावर सुद्धा डाग पडला तर वरवरचा पडतो, पुसून, घासून जातो, दात आतनं खराब होत नाही. थेंब जिभेवर न सोडता गालाच्या आत मागच्या बाजूला सोडायचे आणि वर अंगावर पाजायचं, झालं.

पण आत्याबाईंची एक गोष्ट मला खटकली नाही आणि ती म्हणजे शंका घेणं. लोह सरसकट सगळ्यांना कितीही द्यावं असं नाहीय. आफ्रिकेतल्या टांझानिया देशाच्या पेंबा बेटावर मलेरियाचा फार जोर असलेल्या भागात लहान मुलांना रोज लोह दिलं तर दवाखान्यात भरती व्हायचं आणि दगावायचं प्रमाण वाढलं, हे २००६ साली बाहेर आलं आणि सगळ्या जगातले डॉक्टर सावध झाले. स्वीडन आणि होंडुरास दोन्हीकडं बघितलं तर ज्या बाळांच्या अंगात आधीच लोह पुरेसं होतं त्यांना जादा दिल्यावर उंची थोडी कमी वाढली. म्हणजे गरज असलेल्याला द्यायचं आणि मापात द्यायचं. तुझी लेक मात्र गरज असलेल्यांतलीच आहे, जन्माचं वजन अडीच किलोच्या खाली असलेल्यांच्या बाबतीत वाद राहिलेला नाही. उलट स्वीडनमध्येच अगदी तुझ्या लेकीसारखी, २ ते अडीच किलोची बाळं घेऊन एक अभ्यास झालाय, २८५ बाळं, दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत काहींना थेंब दिले, काहींना नुसतंच पाणी-औषध. ज्यांना लोह मिळालं नाही त्यांच्यातल्या शंभरातल्या ३६ जणांच्या अंगात सहाव्या महिन्यात लोह कमी निघालं, आणि दर किलोला २ मिलिग्रॅम मिळालेल्यांत फक्त चौघांच्या. पुढं साडेतीन वर्षांची झाल्यावर बघितलं तर वागण्याच्या तक्रारी थेंब न मिळालेल्यांत शंभरात १३ च्या आसपास आणि मिळालेल्यांत तिघांच्या आसपास. बुद्धीच्या मापात फरक दिसला नाही, ते पण सांगते, कारण थेंब दिले की पोरगी हुशार होईल असं मला तुला सांगायचं नाहीय. आणि ते स्वीडन, तिथल्या आया बऱ्यापैकी खाऊन-पिऊन असतात. आपल्याकडं २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत कर्नाटकात ६ महिने ते ५ वर्षांतली शंभरातली ६५ पोरं रक्त कमी असलेली निघाली. पलीकडं महाराष्ट्रात पण तेच, ६९. सीमेच्या अलीकडं-पलीकडं याबाबतीत काही फरक नाही.

आता काय करायचं ते नीट ऐक.

पहिलं, येत्या लसीच्या दिवशी पीएचसीत तिला घेऊन जा आणि तायी कार्ड, म्हणजे तुमचं माय-लेकीचं सरकारी कार्ड, बरोबर ने. सिस्टरला किंवा डॉक्टरला तीन गोष्टी स्पष्ट सांग: जन्माचं वजन २२०० होतं, थेंब चालू केले होते, मध्येच बंद केले. हे तिसरं लपवू नकोस, रागावतील म्हणून बायका नेमकं हेच सांगत नाहीत आणि मग डॉक्टरचा अंदाज चुकतो. तीन महिन्यांच्या वर थेंब बंद आहेत म्हणून एकदा तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या म्हण. ११ च्या खाली निघालं तर डोस वेगळा पडतो, जास्त पडतो, तो डॉक्टरनंच ठरवायचा.

दुसरं, मापाचं. लहान जन्मलेल्या बाळाला दर किलो वजनामागं रोज २ ते ४ मिलिग्रॅम लोह असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे. तुझी ५ किलो ८००, म्हणजे २ नं धरलं तर रोजचे साधारण १२ मिलिग्रॅम. पण १२ मिलिग्रॅम म्हणजे किती थेंब हे बाटलीवर ठरतं आणि इथंच सगळा घोळ होतो. सरकारी सिरपच्या १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं, तर १२ साठी ०.६ मिलिलिटर. मेडिकलच्या बाटल्या वेगवेगळ्या, कुणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० तर कुणाच्या २५, म्हणजे शेजारणीनं "आम्ही अर्धा ड्रॉपर द्यायचो" म्हणून सांगितलं तर ते तुझ्या बाटलीला लागू होत नाही. हा हिशोब मी तू घरीच डोस ठरवावास म्हणून दिला नाही, डॉक्टरांनी सांगितलेला आकडा साधारण जुळतोय का हे तुला कळावं म्हणून दिलाय. आणि तुला वाचता येत नाही म्हणून लाजू नकोस. सीमेवरच्या आपल्या कितीतरी बायकांचं हेच आहे, शाळा मराठीतनं झाली आणि दवाखान्याचा कागद कन्नडमध्ये, यात तुझा काय दोष. सिस्टरला सांग की ड्रॉपरवर जिथपर्यंत भरायचं तिथं पेननं रेघ मारून द्या, आणि वर चिकटपट्टी लावून बाळाचं नाव आणि "रोज एकदा" एवढं मराठीत लिहून घे. आशाताईंना मराठी येत असणार, त्या लिहून देतील. ड्रॉपर ज्या बाटलीचा त्याच बाटलीला ठेव. पुष्कळ घरात व्हिटॅमिन डी चे थेंब पण चालू असतात आणि दोन बाटल्यांचे ड्रॉपर एकमेकांत जातात, मग लोहाचं माप कुठल्या कुठं जातं.

तिसरं, आशाताईंची बाटली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सगळ्याच पोरांना आठवड्यातनं दोनदा १ मिलिलिटर असं सरकारी सिरप असतं, ॲनिमिया मुक्त भारत म्हणून २०१८ पासून चालू आहे, फुकट मिळतं. हे चांगलंच आहे, घे. पण तुझ्या लेकीचे रोजचे थेंब चालू झाले असतील तर दोन्ही एकदम नको, त्या दिवशी डॉक्टरला विचार की हे द्यायचं का ते. पैशाची अडचण सांगितलीस तर सरकारी सिरपनंच रोजचा डोस बसवून देता येतो का ते पण विचार, विचारायला लाज कसली, हक्काचं आहे.

थेंब कधी थांबवायचे? ताप आला, छाती भरली, हगवण लागली की तेवढे दिवस बंद, बरी झाली की परत चालू. बऱ्याच घरी काय होतं, तापात बंद करतात आणि मग चालू करायचं राहूनच जातं, तसं नको. घरात कुणाला थॅलेसेमिया असेल, कुणाला लहानपणापासून रक्त चढवावं लागत असेल तर ते थेंब चालू करायच्या आधी सांगायचं.

खाण्याचं थोडं. सहा महिने झाले की वरचं खाणं चालू करशील, आणि आपल्याकडं पहिलं खाणं म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट नाहीतर बटर. कृपा करून ते नको, चहाचा एक घोट पण नको. म्हशीचं-गाईचं दूध पण वर्षाच्या आत प्यायला देऊ नकोस, त्यात लोह नसल्यात जमा, आणि लहान बाळाला गाईच्या दुधानं आतड्यातनं बारीक-बारीक रक्त जाऊ शकतं जे डोळ्याला दिसत पण नाही. बाळगुटी उगाळून चाटवणं चालू असेल तर तेही थांबवा, सहाणेवरचं पाणी तिच्या पोटात जातं, हगवणीला निमंत्रण. नाचणी चांगली, पण नुसत्या पिठाच्या पेजेतलं लोह अंगी फार लागत नाही, भिजवून मोड आणून वाळवून सत्त्व केलं तर जास्त लागतं. मूग, मसूर, मोड आलेली मटकी मऊ शिजवून, वर लिंबाचे दोन थेंब. घरात चालत असेल तर अंडं, मासे, आणि सगळ्यात भारी म्हणजे कोंबडीची कलेजी, आठवड्यातनं दोनदा थोडीशी कुस्करून, मटण-कलेजीतलं लोह जेवढं अंगी लागतं तेवढं पालेभाजीतलं लागत नाही. आपल्याकडं लोक बाळाला कलेजी द्यायला बिचकतात आणि बापाच्या ताटात वाढतात. गुळावर भिस्त ठेवू नका, गुळात लोह असतं म्हणतात तेवढं काही नसतं, आणि वर्षाच्या आत गूळ-साखर-मध काहीच नको. अंगणवाडीतनं पुष्टीचं पाकीट येतं ते म्हशीला घालू नका, बाळाला शिजवून द्या. आणि अंगणवाडीत मातृपूर्णा योजनेचं गरम जेवण असतं ते तुझ्यासाठी आहे, तू जातेस का? काम बुडतं म्हणून बायका जात नाहीत, पण ते जेवण तुझ्या वाट्याचं आहे, जा.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, मीच विचारते, राग मानू नकोस. मशेरी लावतेस का? विड्या वळणाऱ्या घरांत ती असतेच म्हणून विचारलं. मुंबईत मशेरी-तंबाखूची सवय असलेल्या गरोदर बायकांचा अभ्यास झालेला, २००४ साली छापून आला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं. वजन कमी म्हणजे लोहाची शिदोरी पण कमी, हे आता तुला कळलंच. लावत असशील तर पुढच्या बाळंतपणाची वाट बघू नकोस, आत्ताच सोडायला लाग, तंबाखूतलं निकोटिन दुधात उतरतं. आणि सूप पुढ्यात असताना पोरीला मांडीवर घेऊ नकोस. मला माहितीय की घरात दुसरं कोण बघणारं नसतं आणि हजार विड्या झाल्याशिवाय मजुरी मिळत नाही, तरी जरा लांब, वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला तिचं अंथरूण टाक, हात धुतल्याशिवाय पाजू नकोस.

हे वाचणाऱ्या ज्या गरोदर आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. बाळ जन्मल्याबरोबर नाळ कापू नका, निदान एक मिनिट, जमलं तर तीन मिनिटं थांबा, असं दवाखान्यात आधीच सांगून ठेवा. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडं जातं आणि त्यातलं लोह बाळाला पुढं काही महिने पुरतं. पैसा लागत नाही, औषध लागत नाही.

आणि शेवटचं, पण हे वाचल्यावर लगेच उठून करायचं. तुझ्या लाल गोळ्या कुठं असतात? बहुतेक उशाशी नाहीतर देवळीत. पोरगी आता रांगायला लागेल. दहा गोळ्या म्हणजे ६०० मिलिग्रॅम, सरकारी सिरपची ५० मिलिलिटरची अख्खी बाटली म्हणजे १००० मिलिग्रॅम, आणि बाळाच्या वजनाच्या दर किलोला ६० मिलिग्रॅमच्या वर गेलं की जीवाला धोका. लाल गोळ्या पोरांना गोड गोळीसारख्या दिसतात. म्हणून गोळ्या आणि बाटली दोन्ही वर, झाकण लावून, तिचा काय शेजारच्या मोठ्या पोराचा पण हात पोचणार नाही अशा जागी. कधी खाल्ल्याचा संशय जरी आला तरी उलटी होते का बघत बसू नका, बाटली-पाकीट हातात घेऊन तडक मोठ्या दवाखान्यात, निपाणीत नाहीतर बेळगावात, रात्र असली तरी. लोहाच्या विषबाधेत आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास पोर बरं वाटतं, खेळायला पण लागतं, आणि त्यानंतर एकदम ढासळतं. बरं वाटतंय म्हणून वाटेतनं परत फिरू नका.

हिमोग्लोबिन किती निघालं ते कळव.